उचकी

एकोणनव्वद सालचा फोर्ड, सहा सिलिंडरांचा.
पळताना कसली तक्रार नाही.
थांबला की मात्र,
धान्याच्या कोठारापाशी, चर्चच्या आवारात,
टपालपेटीतून पत्रं काढेपर्यंतसुद्धा,
उचकी लागते त्याला.
काटा पाचशेवर घसरतो, आचका देतो,
भानावर आल्यासारखा बाराशेवर उडतो,
पुन्हा घसरतो.
सीटवरचे हातमोजे सरकत सरकत खाली पडतात.

उचकी लागली की एकेक नाव घ्यायचं असतं.
ज्या नावाला थांबेल, त्यानं आठवण काढलेली असते.
नॉर्थ डकोटात हे कुणी टोर्डिसला सांगितलेलं नाही,
तरी ऑक्टोबरपासून ती तेच करतेय.
प्लग. नाही.
डिस्ट्रिब्युटरचं झाकण. नाही.
पेट्रोलचा फिल्टर, ज्यावर भावाच्या अक्षरात तारीख होती
आणि जो फेकताना तिनं दोनदा कचऱ्यातून परत काढला.
नाही.
आयडलचा व्हॉल्व्ह उघडून काजळी धुतली,
जुन्या टूथब्रशनं घासली,
दोन दिवस बरं वाटलं,
तिसऱ्या दिवशी बँकेसमोर परत तेच.

ट्रक ओर्लिनचा. मार्चमध्ये तो गेला
आणि बहिणीच्या वाट्याला हा आला,
शिवाय अकरा किल्ल्या,
कुठल्या कुलपांच्या ते न सांगता.

शनिवारी हालवर आला. शेजारी,
म्हणजे साडेचार मैलांवरचा.
चाळीस हंगाम कापणीयंत्रावर काढून डावा कान गेलेला,
उजव्यात मशीन.
ते त्यानं काढलं, शर्टाच्या खिशात ठेवलं, बटण लावलं.
"आता गप्प बस," म्हणाला,
ती काही बोलली नव्हती तरी.
बागेच्या नळीचा हातभर तुकडा आणला होता त्यानं.
एक टोक उरलेल्या कानाला,
दुसरं इंजिनावरून फिरवत राहिला,
डॉक्टर पोराच्या पाठीवरून फिरवतो तसं,
फक्त बाहेर रांग नसलेला डॉक्टर.
धूर जायला शेडचं दार अर्धं उघडं,
शून्याखाली अठरा.
टोर्डिसच्या हातातली बॅटरी थरथरत होती
इंजिनाच्याच तालावर.

"इथं," म्हणाला. "इथं साप बसलाय."

खाली, मागच्या बाजूला, हात जेमतेम पोचेल अशा जागी
व्हॅक्यूमच्या एका नळीचं मोकळं तोंड,
त्याभोवती काळी टेप, थंडीनं कडक होऊन सुटलेली,
आणि तोंडात बूच म्हणून ठोकलेलं
काहीतरी पिवळं.
बोटं सोलून तिनं ते ओढून काढलं.
लाकडाचा खिळा, पण डोक्याला वाटी.
गोल्फचा चेंडू ठेवतात तो.

साठ मैलांत गोल्फचं मैदान नाही.
ओर्लिनच्या हातात फावडं, बंदूक, गळ,
एकदा कुणाचं तरी बाळ पाहिलं होतं तिनं,
गोल्फची काठी कधीच नाही.
खिळ्यावर छापील अक्षरं, निम्मी उडालेली,
मोटेल, मग नुसता डाग,
मग टूसॉन.

एका जानेवारीत तो दातांसाठी फार्गोला गेला होता.
तीन आठवडे.
आला तो मानेपर्यंत रापलेला.
"खिडकीपाशी बसवायचे," म्हणाला होता,
आणि तिनं सूप वाढलं होतं.

हालवरच्या डब्यात रबरी टोप्या होत्या,
पाकिटावर किंमत एक डॉलर दहा.
एक बसवली, क्लॅम्प आवळला.
टोर्डिसनं किल्ली फिरवली.
काटा सातशेच्या जरा खाली आला
आणि राहिला.
हातमोजे जिथल्या तिथं.
फेंडरवरच्या कॉफीत बारीक वर्तुळं तेवढी,
सांडण्याइतकी नाहीत.

उचकी थांबली.
कुणाच्या नावाला, ते डागाखाली गेलंय.

पिवळा खिळा तिनं मुठीत धरला,
मग कोटात ठेवला, अकरा किल्ल्यांपाशी.
हालवर बॉनेटखालून तिच्याकडे बघत होता,
खिशाचं बटण अजून लावलेलंच.
"चालू आहे का?" त्यानं मोठ्यानं विचारलं.

तिनं त्याचा हात धरला
आणि फेंडरवर ठेवला.